नऊ ते एक

आमच्या घरी कोणाचाही फोन आला आणि माझी चौकशी झाली की नवरा एकच उत्तर देतो. "ती काय, घरीच असते." बावीस वर्षं हेच चाललंय. तो हे सांगत असतो तेव्हा मी त्याच्यापासून चार हातांवर मशीनवर बसलेली असते. मांडीवर कोणाचा तरी ब्लाउज आणि तोंडात दोन टाचण्या. टाचण्यांमुळे लगेच भांडता येत नाही आणि त्या काढेपर्यंत फोन संपलेला असतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे कागदावर अरे-तुरे करून घेते, तेवढीच हौस.

मी घरीच असते, म्हणून शेजाऱ्यांची कुरिअरं मी घ्यायची. वरच्या मजल्यावरच्यांची किल्ली माझ्याकडे. गॅसवाला कोणाच्याही घरी यायचा असो, हाक माझ्या नावाने. नणंदेला दाढ दाखवायला जायचं असलं की सोबत मी, कारण "वहिनी, तुझं काय, तू घरीच असतेस." कुठलाही फॉर्म आला की 'व्यवसाय' या रकान्यात नवरा आपल्या सुवाच्य अक्षरात 'गृहिणी' लिहितो. आणि आमच्या दारावर, उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, तळमजल्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी पाटी आहे: ब्लाउज शिवून मिळतील, फॉल-पिको करून मिळेल. ती पाटी फॉर्म भरताना नवऱ्याला कधी आठवली नाही.

नवऱ्याने तीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. मागच्या वर्षी तो रिटायर झाला, पण त्याच्या अंगातला कारखाना काही रिटायर झाला नाही. अजून सकाळी सहाला उठून दाढी करतो आणि घरातल्या घरात घड्याळ घालतो. दाराच्या मागे खिळ्याला त्याचं जुनं ओळखपत्र लटकलेलं आहे. केर काढताना मी रोज त्याच्याकडे बघायची. फोटो, नंबर, शिक्का. खोटं कशाला सांगू, मला त्या कार्डाचा हेवा वाटायचा.

त्यामुळे नवऱ्याने एके दिवशी अंबरनाथहून बातमी आणली तेव्हा मी वरवर नाक मुरडलं, पण कान टवकारले. त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात सॅम्पल शिवायला बाई हवी होती. वेळ नऊ ते एक. दुपारनंतर घरी. कारखाना कशाचा? तर रेडिमेड ब्लाउजचा. ते ताणले की वाढणारे, कोणालाही बसणारे आणि कोणालाही नीट न बसणारे ब्लाउज. त्यांनी माझी निम्मी तरुण गिऱ्हाइकं कधीच पळवली होती. आता ते मलाही न्यायला निघाले होते.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," नवरा म्हणाला. "दुपारी तुझी मशीन आहेच की."

त्याला वाटतं मशीन म्हणजे दुकान. गिऱ्हाईक कधी येतं हे त्याने पाहिलंच नव्हतं, तीस वर्षं तो त्या वेळी कारखान्यात असायचा आणि रिटायर झाल्यापासून पेपर घेऊन नाक्यावर. बायका येतात दहा ते बारा. डबे गेले, नळ गेला, भांडी झाली की मग त्यांना स्वतःसाठी तासभर मिळतो. दुपारी पडायचं असतं, संध्याकाळी पोळ्या. नऊ ते एक मी नसले तर त्या दोन वेळा दाराला कुलूप बघतील आणि तिसऱ्या वेळी कॅम्प पाचमधल्या काचेच्या दारवाल्या टेलरकडे जातील. म्हणजे एका बाजूला गळ्यातलं कार्ड आणि दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांचं दुकान, असा तो मामला होता. दोन्ही राहील असं मला काही दिसेना.

रविवारी माहेरी चामटोलीला गेले. आई ओटीवर पावटे सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"नोकरी बरी गो," ती म्हणाली. "रविवार तरी भेटल. पन तितं तुला बोलाया कोन हाय?"

"कामाला जाणार आई, बोलायला नाही."

"मंग जा," आई म्हणाली आणि पुन्हा पावटे सोलायला लागली. मला वाटलं, हिला काय कळतंय.

आमच्या धंद्यात ट्रायल घेतल्याशिवाय ब्लाउज पक्का होत नाही. आधी कच्ची शिलाई मारायची, अंगावर चढवून बघायचं, मग ठरवायचं. नोकरीचंही तसंच करू म्हटलं. आठ दिवस जाऊन बघते. कारखान्याची हरकत नव्हती. घरचं दुकान तेवढे दिवस मी सांभाळतो, असं नवऱ्याने स्वतःहून सांगितलं. गिऱ्हाईक आलं की कपडा ठेवून घ्यायचा, चिठ्ठी लावायची, बास. तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला यात काय अवघड? मीही असाच विचार केला. चूक तिथेच झाली.

पहिल्या दिवशी शेअर रिक्षाने पावणेनऊला हजर. ऑफिसातल्या मुलीने फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं ठीक. मग रकाना आला: पूर्वीचा अनुभव.

"बावीस वर्षं," मी म्हटलं.

"कुठल्या कंपनीत?"

"घरी. म्हणजे माझंच."

"लेटर आहे का कोणाचं?"

लेटर कोण देणार? समोरच्या ब्लॉकमधल्या आंटी? मी म्हटलं, नाही. मुलीने अनुभवापुढे 'नाही' लिहिलं आणि कंसात 'फ्रेशर'. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी फ्रेशर झाले. कार्डावर तर 'ट्रेनी' आलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण कार्डाची पट्टी गळ्यात पडली आणि मी सगळं विसरले. येताना रिक्षात ते काढून ठेवायला हवं होतं. मी पदराच्या वर ओढून घेतलं. समोर बसलेल्या बाईने विचारलं, "जॉब पे जाते हो?" मी "हां" म्हटलं ते इतक्या ऐटीत की माझं मलाच हसू आलं.

कामही आवडलं. सुपरवायझर म्हणजे तिशीतली एक मुलगी, नीटस, हसरी. मला ताई म्हणायची. मशीन वाऱ्यासारखी पळायची, इंटरलॉक वेगळं, हूक लावायला वेगळी बाई, इस्त्रीला वेगळी. मी फक्त कापायचं आणि पहिला नग शिवायचा. तो पास झाला की त्याच्यावरून शंभर नग. दुसऱ्या दिवशी माझा नग तिने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "ताई, शिलाई एक नंबर." मी तीच शाबासकी घरी येऊन नवऱ्याला तीन वेळा सांगितली. चौथ्या वेळी तो आंघोळीला गेला.

पाचव्या दिवशी तिने मला बाजूला बोलावलं. टेबलावर माझं सॅम्पल उसवून ठेवलं होतं.

"ताई, हे काय आहे?"

"कुशीतली माया."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला आमच्यात माया म्हणतात. या शब्दावर कोटी करायचा मोह सगळ्यांनाच होतो, मी करणार नाही. कुशीला दोन्हीकडे चांगलं इंचभर ठेवायचं, पुढे बाई अंगाने भरली की शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो. हे काही मी ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप तिथे सोडून कापतो. पण माझ्या नगावरून कटिंग मास्तरने सगळा थर कापला होता, आणि शंभर ब्लाउजच्या हिशोबाने आलेल्या कापडात नव्वदच बसले होते.

"एवढं आत कशाला?" तिने विचारलं. खरंच विचारलं, रागावून नाही.

"उद्या बाईला घट्ट झाला तर?"

"मग ती पुढचा साइज घेईल."

"आणि हा?"

"हा टाकून देईल ताई. आपल्याकडे कोणी परत येत नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. कापड त्यांचं, धंदा त्यांचा, चूक माझी. मी माफी मागितली आणि दुसरं सॅम्पल शिवलं. मोजून मापून, आत बोटभरही नाही. ते पासही झालं. पण हाताला काहीतरी चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. गिऱ्हाइकाचं कापड मारते असा आळ टेलरवर नेहमीच येतो, मारल्यासारखं खरोखर वाटलं ते मात्र त्या दिवशी.

त्याच दुपारी घरी आले तर नवरा दारातच उभा. चेहरा असा, की चहाचं भांडं जळलंय का म्हणून मी आधी वास घेतला.

"जरा घोटाळा झाला," तो म्हणाला.

घोटाळा काय, हे कळायला आधी आंटींबद्दल सांगायला हवं. समोरच्या ब्लॉकमधल्या या सिंधी आंटी माझं पहिलं गिऱ्हाईक. बावीस वर्षांपूर्वी मी पाटी लावली तेव्हा आठ दिवस कोणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी आंटी आल्या, गुलबक्षी रंगाचं रेशमी कापड माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाल्या, "बिगाड़ दो पुट, फिर भी तुमसे ही सिलवाऊँगी।" मला पुट म्हणजे पोर म्हणणारं त्या गल्लीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. मी तो बिघडवला नाही.

तेव्हापासून आमच्यात एक रीत आहे. रीत सगळ्याच गिऱ्हाइकांशी आहे, पण आंटींशी जास्त. माप घेताना मी आकडा तोंडाने उच्चारत नाही. टेप लावते, बघते, मापांच्या वहीत खरा आकडा लिहिते आणि वही मिटते. दोन-तीन वर्षांनी आंटी जुना ब्लाउज घेऊन येतात आणि म्हणतात, "धोने से सिकुड़ गया है।" मी म्हणते, "हां आंटी, कपड़ा आजकल अच्छा नहीं आता।" ब्लाउज बहुतेक वेळा एकदाही धुतलेला नसतो. तरी आम्ही दोघी मिळून सगळा दोष पाण्याला देतो, मी कुशी उसवते, मायेतून घेते, आणि विषय संपतो. असं किती पाणी आम्ही बदनाम केलंय त्याला मोजदाद नाही.

हे नवऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने पहिल्याच दिवशी दारात एक रजिस्टर ठेवलं होतं: नाव, येण्याची वेळ, माल, सही. बायका फॉल लावायला साडी द्यायच्या आणि सही करायच्या. इथपर्यंत सगळ्यांना गंमत वाटली. पाचव्या दिवशी आंटी ब्लाउज घेऊन आल्या. भाचीचं लग्न जवळ आलं होतं. दुकानात आणखी दोघी बसलेल्या. आंटी म्हणाल्या, "थोड़ा खोलना है, धोने से सिकुड़ गया।" आणि माझ्या कर्तव्यदक्ष नवऱ्याने मापांची वही काढली, चष्मा लावला, आंटींचं पान शोधलं आणि स्टोअरमध्ये माल घोषित करावा तशा आवाजात वाचलं, "नहीं मॅडम, कपड़ा नहीं सिकुड़ा। रेकॉर्ड में है। पहले अडतीस थे, अभी बयालीस है। चार इंच का फरक है।"

"मग?" मी विचारलं.

"मग त्या गेल्या."

"काही म्हणाल्या?"

"सही न करताच गेल्या," नवरा म्हणाला. त्याला त्याचंही वाईट वाटत होतं.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मी दमून थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "आज सहा बायका आल्या. एक गेली की दुसरी. तू चहा कधी पितेस गं?"

बावीस वर्षांत त्याने मला हे पहिल्यांदा विचारलं. मी चप्पल घातली आणि आंटींकडे गेले. गळ्यातलं कार्ड काढायचं राहून गेलं.

आंटींच्या घरी गेलं की बसायच्या आधी पापड आणि पाणी पुढे येतं. त्यांच्याकडची पद्धतच आहे. त्या दिवशी आलं नाही. आंटी सोफ्यावर बसून राहिल्या आणि माझ्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "अब तो ऑफिस वाली हो गई।"

"आंटी, गलती हो गई। उनको समझता नहीं।"

"उसको क्या बोलना। उसने तो जो लिखा था वही पढ़ा।" मग पदर सारखा करत, "लिखा तो तुमने था।"

हे मला लागलं. लिहिलं मीच होतं. पण लिहिलं होतं ते बंद करून ठेवायला, आणि वही उघडी टाकून मी कार्ड मिरवायला गेले होते. मी म्हटलं, "आंटी, कल से नाप की वही मैं ही पढ़ूँगी।" तोंडातून निघून गेलं आणि मग माझ्याच लक्षात आलं की माझं ठरलं.

आंटी उठल्या. आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो गुलबक्षी ब्लाउज होता. बावीस वर्षांपूर्वीचा, पहिला.

"शादी में यही पहनूँगी," त्या म्हणाल्या. "देखो, धोने से कितना सिकुड़ गया है।"

"हां आंटी," मी म्हटलं, "रेशम बहुत सिकुड़ता है।"

आंटी वळल्या आणि पापड भाजायला गेल्या.

मी ब्लाउज उलटा केला. कुशीला आतून एकाशेजारी एक तीन ओळी होत्या, सुईच्या बारीक भोकांच्या. पहिली शिलाई, मग एकदा उसवून सोडलेली, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी दोरा थोडा वेगळा, कारण तोच रंग पुन्हा मिळाला नव्हता. आता आत काही उरलं नव्हतं, काठापर्यंत सगळं वापरून झालं होतं. 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात मी त्या मुलीला 'नाही' लिहू दिलं होतं, आणि तो इथे कपाटात घडी करून ठेवलेला होता. आंटी पापड घेऊन आल्या तेव्हा मी डोळे पुसत होते. त्यांनी कांद्याचं निमित्त केलं. घरात कांदा कोणी चिरत नव्हतं.

घरी येऊन माळ्यावरचं चिंध्यांचं गाठोडं काढलं. कोणाचंही उरलेलं कापड मी टाकत नाही. नवऱ्याने या गाठोड्यावरून मला आयुष्यभर टोमणे मारले आहेत. अर्धा तास उपसल्यावर गुलबक्षी तुकडा सापडला, तळहाताएवढा. दोन्ही कुशींना लांबट पट्ट्या लावण्याइतका होता. गाठोडं धरायला नवरा शेवटपर्यंत उभा होता आणि एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन कार्ड परत केलं. सुपरवायझर मुलीला वाईट वाटलं. म्हणाली, "ताई, थांबला असतात तर आवडलं असतं." तिने बळेच अनुभवाचं पत्र दिलं. सदर महिलेने आमच्याकडे पाच दिवस समाधानकारक काम केले आहे. शिक्क्यासकट. मी ते मापांच्या वहीत पहिल्या पानावर ठेवलंय. निघताना तिने हळूच विचारलं, माझ्या आईचे ब्लाउज शिवाल का, तिला रेडिमेड बसत नाहीत. मी म्हटलं, सकाळी दहा ते बारात पाठव.

तरी परतीच्या रिक्षात गळा मोकळा मोकळा वाटत होता. हे कबूल करायला हवं. कार्डाची सवय पाच दिवसांतच लागते.

या गोष्टीला आता तीन-चार महिने झाले. रजिस्टर मी रद्दीत दिलं. नवऱ्याला मापांच्या वहीला हात लावायची बंदी आहे, पण हूक लावायला तो शिकलाय, वाकडे का होईना. परवा सकाळी अकराला त्याचा मोबाईल वाजला. समोर आंटी कापड पसरून बसलेल्या, आणखी दोघी दारात, माझ्या तोंडात टाचण्या. फोन नणंदेचा होता. तिचा आवाज मोठा आहे, मलाही ऐकू आला. तिला दाढ दाखवायला जायचं होतं, वहिनीला पाठव म्हणत होती.

"आत्ता नाही जमणार," नवरा म्हणाला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "ती कामावर आहे. एकनंतर फोन कर."

मी मान वर केली नाही. टाचण्या तोंडात तशाच होत्या. मी फक्त मशीनचं पायडल जरा जोरात दाबलं.